माइक घेण्याआधी

'दहा हजारांच्या आत सगळ्यात चांगला माइक कोणता?' या प्रश्नाचं उत्तर मिळेल म्हणून कुणी हे पुस्तक हातात घेतलं असेल, तर त्याची थोडी पंचाईत होणार आहे. माइकचं प्रकरण इथे चौथं आहे. पहिलं खोलीचं, दुसरं अंतराचं, तिसरं हेडफोनचं. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. खरेदीला निघालेला माणूस बरोबर उलट्या क्रमाने जातो आणि त्याचे पैसे तिथेच वाया जातात, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी ही जरा लांबलेली प्रस्तावना.

घरी रेकॉर्डिंग करणारा म्हणजे गिटारवाला कॉलेजकुमार, हे चित्र आता जुनं झालं. डोंबिवलीतले पेटीचे शिक्षक परदेशातल्या शिष्यांना पाठ पाठवतात. निवृत्त बाई नातवंडांसाठी गोष्टी वाचून ठेवतात. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, मराठी ऑडिओबुकांचा ओघ सुरू झाला आणि पुस्तक वाचून दाखवणं हे पैसे मिळवून देणारं काम झालं. कीर्तनकार आहेत, क्लासवाले आहेत, पॉडकास्टवाले तर गल्लोगल्ली आहेत. यातल्या कुणालाच स्टुडिओ बांधायचा नसतो. आवाज स्वच्छ यावा, ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये, एवढंच हवं असतं. आणि या सगळ्यांना सल्ला मात्र एकच मिळतो: कंडेन्सर माइक घ्या. त्याचा स्वस्तातला संच मिळतो. टेबलाला पकडणारा लांब हात, स्पंजाची टोपी, तोंडासमोरची गोल जाळी, सगळं एका खोक्यात. घरी आणून माणूस त्याची पिन लॅपटॉपच्या भोकात खुपसतो आणि आवाज येतो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते, बहुतेकांना ४८ व्होल्ट, आणि ती लॅपटॉपच्या त्या भोकातून मिळत नाही, हे खोक्यावर ठळकपणे कुठेही लिहिलेलं नसतं.

थोडा इतिहास सांगतो. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांनी फ्रेड गेसबर्ग यांच्या यंत्रासमोर गायलं, तेव्हा माइक नावाची वस्तू तिथे नव्हतीच. होता तो भोंगा. गळ्यातून निघालेल्या हवेच्या जोरावरच सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. त्यामुळे तोंड भोंग्यात घालून, खणखणीत आवाजात, तीनेक मिनिटांत ख्याल उरकावा लागे. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, माइक आला, हलकं गाणं शक्य झालं. पण ती यंत्रसामग्री एवढी महाग की कंपन्या, आकाशवाणी आणि चित्रपटसंस्था सोडून कुणाच्या आवाक्यात नव्हती. पुढची पन्नासेक वर्षं रेकॉर्डिंग करायचं तर त्यांच्या दारात जावं लागे.

हे दार पहिल्यांदा नीट उघडलं १९७९ मध्ये. टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ १४४' बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरता येतील असं हे टेबलावर मावणारं यंत्र. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, हे यंत्र आणि शुअर कंपनीचे दोन एसएम ५७ माइक मांडून गाणी भरली. बँडला चाली कळाव्यात म्हणून केलेला तो कच्चा खर्डा होता. मग बँडसकट स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, पण ती त्याच्या मनाला येईनात. शेवटी ती कॅसेटच त्या वर्षी सप्टेंबरमध्ये 'नेब्रास्का' या नावाने रेकॉर्ड म्हणून निघाली. एसएम ५७ हा माइक १९६५ चा. तो आजही दुकानात मिळतो आणि कुठल्याही अर्थाने उंची वस्तू नाही.

ही हकिकत घरगुती रेकॉर्डिंगवर बोलणारा प्रत्येक जण सांगतो, पण अर्धीच. उरलेली अर्धी अशी की त्या कॅसेटवरून रेकॉर्डची तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले होते. आणि दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं: त्या खोलीत जमिनीवर दाट लवेचा नारिंगी गालिचा होता. म्हणजे आवाज शोषणारी मोठी वस्तू खोलीत आयतीच पडली होती. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बमही लॉस एंजेलिसमधल्या घरात, भावाच्या झोपायच्या खोलीत भरला गेला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तिथेही आवाज भरण्याचं काम घरात झालं असलं, तरी मिक्सिंग आणि मास्टरिंग व्यवसायातल्या माणसांनी केलं.

आता आपल्या खोलीकडे या. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसऱ्या भिंतीत काचेची सरकती खिडकी. शोषणारं काही नाहीच. खोली दहा बाय दहाची आणि छतही जवळपास तेवढंच उंच असेल, तर हिशेब सोपा आहे. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, आणि त्याची दुप्पट ११२ हर्ट्झ. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणजे तिन्हीकडून तेच सूर फुगणार. ११२ हा आकडा तर पुरुषाच्या बोलण्याच्या नेमक्या पट्टीत येतो. 'माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मडक्यात बोलल्यासारखा येतो' ही तक्रार असते ती याची. माइक बदलून ती जात नाही. उलट माइक जितका संवेदनशील, तितकं मडकं जास्त ऐकू येतं.

यावर अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. कागदाच्या लगद्याला ना वजन ना पुरेशी जाडी. वरच्या सुरांचं थोडंफार विखुरणं सोडलं तर तो काही करत नाही. शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या जवळ असते, ती त्या ट्रेला कशाला जुमानेल? त्यापेक्षा घरातली गोधडी बरी. दोन जाड गोधड्या बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि एका बाजूला टांगा, कापसाची गादी भिंतीला उभी करा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडं टाका. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका. एवढ्याने जो फरक पडतो, तो पाच हजारांच्या माइकवरून वीस हजारांच्या माइकवर गेल्याने पडत नाही.

घुमणं कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज अडवणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत सगळेच करतात. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत लागते आणि हवा जाईल अशी एकही फट चालत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे होणे नाही. तिथे आपल्या हातात फक्त वेळ असते. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरची खुर्ची, भाजीवाला, पहाटे साडेचारला गळा काढणारी कोकिळा, या सगळ्यांचं वेळापत्रक आठवडाभर लिहून काढलं की रोज तास-दीड तासाची एखादी मोकळी खिंड सापडतेच. पंखा बंद ठेवावा लागतो, मे महिन्यातसुद्धा. त्याला इलाज नाही. फ्रिजही बंद करावा लागतो. चित्रीकरणाच्या ठिकाणी आवाज घेणाऱ्यांची यावर एक जुनी युक्ती आहे: फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. घरी जाताना किल्ली शोधावीच लागते, आणि दूध नासत नाही.

अमेरिकेतला एसीएक्स हा ऑडिओबुकांचा मंच निवेदकाकडून जी फाइल घेतो, तिच्यात कुणी बोलत नसतानाचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा अशी अट घालतो. नवशिक्याने ही एकच अट भिंतीवर लिहून ठेवावी. कारण ती पुरी होते की नाही हे बहुतेक वेळा खोली ठरवते, यंत्र फार थोडं.

दुसरं प्रकरण अंतराचं. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं खेमचंद प्रकाश यांचं ते झपाटलेल्या हवेलीतलं गाणं सगळ्यांना माहीत आहे. आवाज दुरून जवळ येत जातो असा भास हवा होता. तेव्हा आजच्यासारखी प्रतिध्वनीची बटणं नव्हती. लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात माइककडे चालत आल्या. यंत्राने काही केलं नाही, केलं ते पावलांनी. आपल्याला याच्या नेमकं उलट करायचं आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तिथेच राहतो. म्हणजे वीतभरावरून चार-पाच बोटांवर आलात, तर गोधडीचं निम्मं काम फुकटात झालं. फार जवळ गेलं की दोन संकटं येतात. आवाजातला खर्ज अवास्तव फुगतो, आणि 'प', 'फ', 'भ' यांचा वारा थेट पडद्यावर आदळतो. 'फळ' म्हणताना फटाका वाजतो. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडून थोडा तिरका धरला की हा वारा बाजूने निघून जातो. जाळी घ्यायची तर घ्या, पण आधी तिरका धरून पाहा.

माइक निवडायचा तो यानंतर. कंडेन्सर वाईट नाही. शांत, मऊ खोलीत सतार, बासरी, गाणारा गळा यांचं बारीक काम तो जितकं टिपतो, तितकं डायनॅमिक हा दुसऱ्या जातीचा माइक टिपत नाही. पण ती शांत, मऊ खोली आपल्याकडे नसते. म्हणून बोलण्याच्या कामासाठी नवशिक्याने डायनॅमिक घ्यावा, असं मी या पुस्तकात सांगतो. शुअरचा एसएम ५८ घ्या, किंवा इंटरफेसचा (माइक आणि संगणक यांमधली पेटी, तिच्याबद्दल पुढे) खर्च आत्ता नको असेल तर सॅमसन क्यू २ यू घ्या. हा दुसरा माइक यूएसबीने थेट लॅपटॉपला जोडता येतो आणि पुढे इंटरफेस घेतला की एक्सएलआर केबलनेही चालतो. डायनॅमिक माइक 'बाहेरचा आवाज गाळतो' असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. गाळणी कुठल्याच माइकमध्ये नसते. तो जवळून वापरायचा असतो, गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, त्या मानाने बसतो, आणि खोली मागे पडते. एसएम ५८ दोन फुटांवर ठेवून बोलाल तर तोही कुकरची शिट्टी इमानेइतबारे टिपेल.

इथे एका फॅशनबद्दल बोललं पाहिजे. पॉडकास्टच्या चित्रफितींत दिसतो तो जाडजूड काळा शुअर एसएम ७ बी. त्याच्या आधीच्या रूपावर मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' गायला गेला, हे खरं. पण हा माइक आवाज फार क्षीण देतो. त्याला साठ डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि सुरुवातीच्या किमतीतल्या बऱ्याच इंटरफेसची धाव त्याआधीच संपते. मग मध्ये जोडायला आणखी एक डबी घ्यावी लागते. माइक, डबी, मजबूत स्टँड, सगळं धरून जो आकडा होतो त्यात एसएम ५८, चांगला इंटरफेस, हेडफोन आणि वर्षभराच्या गोधड्या येतील. कॅमेऱ्यात छान दिसणं हे ज्यांचं कामच आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

कपड्याला लावायच्या कॉलर माइकला कुणी नाकं मुरडू नयेत. हजाराच्या आतबाहेरचा, फोनला जोडायचा बोयाचा बीवाय-एम १ लावून घरच्या घरी शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांचं काम भागतं. फळ्याकडे वळणाऱ्या, हातवारे करणाऱ्या माणसाला अंगावर राहणारा माइकच सोयीचा.

इंटरफेस म्हणजे माइकचा क्षीण आवाज मोठा करून त्याचे आकडे करणारी पेटी. तीत दोन माइकांची सोय असावी, एकाची नको, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे एकट्या गळ्याचं काम क्वचितच असतं. आज गाणं, उद्या पेटी, परवा तबला आणि मुलाखतीला समोर दुसरा माणूस. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेतला २ आय २ यासाठी जगभर वापरला जातो. बेरिंगरचे त्याहून स्वस्त आहेत आणि शिकायला पुरतात. खरेदी करताना एवढंच बघा की ४८ व्होल्टचं बटण आहे का, आणि आपला आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय आहे का. ही दुसरी सोय नसेल तर गाणाऱ्याचे हाल होतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारा संगणक २५६ नमुन्यांचे गठ्ठे करून काम करत असेल, तर एका गठ्ठ्याला पाच मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. आत जायला एक आणि बाहेर यायला एक धरा, वर बाकीची दिरंगाई. स्वतःचा आवाज असा मागून यायला लागला की लयीत पक्का माणूसही डगमगतो. ब्लूटूथचे हेडफोन याच कारणाने बाद. ९६ की १९२ किलोहर्ट्झ यावर डोकं शिणवू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. यापलीकडे नवशिक्याला काही लागत नाही.

आपल्या वाद्यांवर बाहेरच्या पुस्तकांत जवळजवळ काहीच नसतं, म्हणून इथे त्यांना जास्त पानं दिली आहेत. पेटी वाजवत गाणाऱ्याचं उदाहरण घ्या. तोंड वर, पेटी खाली. एसएम ५८ सारखा माइक समोरून ऐकतो आणि त्याच्या बरोबर पाठीमागे तो सर्वांत बहिरा असतो. तो खालून वर, तोंडाकडे रोखून ठेवला की त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते आणि एकाच खोलीत गळा बऱ्यापैकी वेगळा मिळतो. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला ठेवाल तर हवेचा फुसकारा येईल. पट्ट्यांच्या अगदी जवळ ठेवाल तर बोटांची टकटक. वरून दीड-दोन फुटांवरून, पेटीच्या मध्यावर रोखलेला बरा. तानपुरा हल्ली फोनमध्येच असतो. तो खोलीत मोठ्याने लावून गाल, तर पुढे एकही शब्द कापता येणार नाही. जिथे कापाल तिथे तानपुऱ्याची तार तुटल्यासारखी वाटेल. तो हेडफोनमध्ये घ्या. दोन्ही कान झाकून गाणं अनेकांना जमत नाही, त्यांनी एक कान मोकळा ठेवावा आणि मोकळा कप डोक्याला नीट टेकवावा, नाहीतर तिथून तानपुरा माइकमध्ये झिरपतो.

हेडफोन बंद कपांचे हवेत. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम ४० एक्स डोळे झाकून घ्यावा. स्पीकरची घाई करू नका. लहान, न सजवलेल्या खोलीत चांगले स्पीकरही खर्जाबद्दल खोटं सांगतात.

विजेचं एक दृश्य कुठल्याही घरात दिसतं. सगळं जोडलं, हेडफोन लावले, आणि कानात एक अखंड 'हूं' चालू आहे. ही ५० हर्ट्झची घरची वीज. लॅपटॉपचा चार्जर काढा. 'हूं' थांबलं तर दोष माइकचा नाही, अर्थिंगचा आहे. तीन पायांचा प्लग दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवणारा तो छोटा पांढरा ॲडाप्टर बहुतेक वेळा आरोपी निघतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट नीट करून घ्या. तोवर बॅटरीवर काम भागवा. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना आणखी एक सूचना: पावसाळ्यात कंडेन्सर उघड्यावर राहिला तर दमट हवेने तडतडू लागतो. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ऑडॅसिटी फुकट आहे आणि निवेदनाला पुरतं. मॅक असेल तर गराजबँड आयतं आहे. अनेक ट्रॅकचं काम वाढलं की रीपर घ्या, त्याचा व्यक्तिगत परवाना महाग नाही. या विषयावरचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लहान आहे, कारण ही सॉफ्टवेअर वर्षा-दोन वर्षांत रूप बदलतात आणि छापील पान शिळं होतं.

भाव याच कारणाने दिलेले नाहीत. विकत घेताना मात्र एक पथ्य पाळा. एसएम ५८ च्या नकला बाजारात आणि ऑनलाइन सर्रास मिळतात, वजनाला हलक्या आणि आवाजाला बोथट. निम्म्या किमतीत नवाकोरा मिळतोय म्हटलं की संशय घ्या. अधिकृत विक्रेता, पक्की पावती, वॉरंटी यांवर तडजोड नको. केबल, जॅक, सोल्डरिंगचं सामान यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच. तिथे तासभर घालवला तर केबल स्वतः जोडायला शिकाल, आणि ते शिकणं फार उपयोगी पडतं.

वाचकांना एक विनंती आहे. दुकानात जाण्याआधी घरातल्या तीन-चार जागी बसून एकच पान मोठ्याने वाचा आणि फोनवर भरून घ्या: हॉलमध्ये, झोपायच्या खोलीत गादीशेजारी, उघड्या कपाटासमोर. फोन प्रत्येक वेळी तोंडापासून सारख्याच अंतरावर असू द्या. मग साधे का होईना, हेडफोन लावून रात्री शांतपणे ऐका, शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा आणि त्यांना कुठला आवाज बरा वाटला ते विचारा. जी जागा जिंकेल तिथे टेबल मांडा, आणि खरेदीची यादी तिथे बसून करा.